एकाच कर्जाची थकबाकी दोनदा लागली असेल तर

गृहकर्जाचा अर्ज फेटाळला गेला, बँकेतल्या माणसाने ‘तुमच्या सिबिलला दोन राइट-ऑफ दिसतायत’ एवढंच सांगून फाइल परत दिली, आणि तुम्हाला तर आयुष्यात एकच कर्ज थकल्याचं आठवतंय. (राइट-ऑफ म्हणजे बँकेने बुडीत धरलेलं कर्ज.) हा लेख अशा माणसासाठी आहे. नोकरीसाठी पुण्यात येऊन आता वाघोली-पुनावळे बाजूला फ्लॅट बघणाऱ्यांपैकी अनेकांना हे पहिल्यांदा कळतं ते बँकेच्या टेबलावरच.

आधीच स्पष्ट सांगतो. दुबार नोंद काढून घेता येते, खरी थकबाकी तक्रार करून निघत नाही. त्यामुळे अर्ज लिहायला बसण्यापूर्वी एकच प्रश्न सोडवायचा: दोनपैकी कोणती नोंद राहायला हवी? ‘दोन्ही नोंदी चुकीच्या आहेत, काढून टाका’ असं लिहिलं की बँक तपासते, कर्ज खरं निघतं, ‘माहिती बरोबर आहे’ असं उत्तर येतं आणि तक्रार बंद होते. ‘ही ओळ बरोबर, ती ओळ तिचीच दुसरी प्रत’ असं लिहिलं तर बँकेला दोन खाती शेजारी ठेवून बघावंच लागतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

पायरी १: चारही अहवाल एकाच दिवशी काढा

बोलताना आपण सरसकट ‘सिबिल’ म्हणतो, पण कर्जदारांची माहिती ठेवणाऱ्या कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. यांनाच क्रेडिट ब्युरो म्हणतात. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१५ मध्ये बँका आणि एनबीएफसींना (बँक नसलेल्या, कर्ज देणाऱ्या वित्त कंपन्यांना) या चारही ठिकाणी सभासद व्हायला लावलं. म्हणून तुमच्या कर्जाची माहिती चारही ठिकाणी असते आणि चूकही चारही ठिकाणी असू शकते.

प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असा नियम आहे. त्यांच्या वेबसाइटवर पैसे भरायच्या योजना ठळक दिसतात आणि फुकटचा पर्याय शोधावा लागतो, तो शोधा. पेमेंट ॲपमध्ये दिसणारा स्कोअर इथे कामाचा नाही. खाते क्रमांक, तारखा आणि महिनावार नोंदी असलेली पूर्ण पीडीएफ लागते. आपला अहवाल आपणच पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही, ती भीती सोडा.

एकाच दिवशी काढायचं कारण असं की त्यावरून चूक कुठे झाली याचा अंदाज बांधता येतो. दुबार नोंद चारही अहवालांत असेल तर बहुधा बँकेनेच माहिती दोनदा पाठवली आहे. एकाच अहवालात असेल तर त्या ब्युरोकडे दोन नोंदी एकत्र जुळल्या नसाव्यात. पहिल्या प्रकारात बँकेच्या मागे लागायचं, दुसऱ्यात ब्युरोच्या.

अहवालावर एक ओळखक्रमांक असतो. सिबिलच्या अहवालावर त्याला कंट्रोल नंबर म्हणतात, एक्स्पेरियनच्या अहवालावर ईआरएन. तक्रारीत तो लागतोच, वहीत लिहून ठेवा.

पायरी २: दोन ओळी शेजारी मांडा

अहवालातल्या प्रत्येक खात्याखाली बराच मजकूर असतो. त्यातलं एवढंच एका कागदावर दोन रकान्यांत उतरवून घ्या: कर्ज देणाऱ्याचं नाव, खाते क्रमांक, कर्जाचा प्रकार, खातं उघडल्याची तारीख, मंजूर रक्कम, सध्याची बाकी, थकीत रक्कम, शेवटचा हप्ता भरल्याची तारीख, माहिती कळवल्याची तारीख आणि खात्याची स्थिती.

समजा एका ओळीत वैयक्तिक कर्ज आहे, खातं उघडलं १४ जून २०१९, मंजूर रक्कम १,८०,०००, खाते क्रमांकाचे शेवटचे आकडे ४४१७, स्थिती राइट-ऑफ, थकीत ६२,४००. दुसऱ्या ओळीत तारीख तीच, रक्कम तीच, क्रमांकाच्या शेवटी पुन्हा ४४१७, फक्त पुढे दोन-तीन शून्यं जास्त आणि थकीत ७१,९५०. थकीत आकडा वेगळा दिसला म्हणून ‘हे दुसरंच कर्ज असेल’ असं लगेच ठरवू नका. दोन ओळींची ‘माहिती कळवल्याची तारीख’ बघा. एक ओळ २०२१ मध्ये थांबलेली असते आणि दुसरी गेल्या महिन्यापर्यंत चालू असते. जुनी ओळ गोठली, नवीत व्याज चढत राहिलं, म्हणून आकडे वेगळे. माझ्या मते या सगळ्या कागदावरची सर्वात बोलकी जागा हीच आहे आणि लोक ती वाचतच नाहीत.

खाली महिनावार चौकटी असतात. त्यात हप्ता किती दिवस उशिरा होता ते लिहिलेलं असतं, त्याला डीपीडी म्हणतात. ००० म्हणजे उशीर नाही, एक्सएक्सएक्स म्हणजे त्या महिन्याची माहिती कळवलीच नाही. जुन्या ओळीतल्या चौकटी जिथे थांबतात त्याच्याच पुढच्या महिन्यापासून नव्या ओळीतल्या सुरू होत असतील, तर ते एकच कर्ज आहे आणि मध्ये क्रमांक बदलला, हे जवळजवळ नक्की.

पायरी ३: ही खरंच दुबार नोंद आहे का?

दोनदा दिसतं ते सगळं दुबार नसतं. इथे घाई केली की महिना वाया जातो.

तेच कर्ज चार ब्युरोंच्या चार अहवालांत दिसणं हे दुबार नाही. पती-पत्नीने मिळून घेतलेलं कर्ज दोघांच्याही अहवालात पूर्ण रकमेने दिसतं, तेही बरोबर. मित्राला जामीन राहिला असाल तर त्याचं थकलेलं कर्ज तुमच्याकडे जामीनदार म्हणून दिसणारच. (गावाकडे ‘फक्त सही तर करायचीय’ म्हणून झालेले जामीनदार पुण्यात घर घेताना हटकून अडकतात.) क्रेडिट कार्डावरची खरेदी ईएमआयमध्ये बदलली किंवा कार्डावर कर्ज घेतलं, तर ते वेगळं खातं म्हणून दिसू शकतं. टॉप-अप कर्जाचंही तसंच.

को-लेंडिंगचा प्रकार जरा फसवा आहे. बँक आणि एनबीएफसी मिळून एक कर्ज देतात आणि आपापला हिस्सा वेगवेगळा कळवतात. इथे बेरीज करून बघा. दोन ओळींच्या मंजूर रकमा मिळून तुमचं कर्ज होत असेल, तर त्या दोन हिश्श्यांच्या ओळी आहेत. दोन्ही ओळींत पूर्ण रक्कम असेल, तर दुबार.

आणि कर्ज तुम्ही घेतलंच नसेल, नाव सारखं पण पत्ता नांदेडचा, जन्मतारीख भलतीच, तर तो दुबार नोंदीचा विषय नाही. कुणा दुसऱ्याचं खातं तुमच्या नावावर आलंय किंवा तुमच्या पॅनचा गैरवापर झालाय. तिथे ‘हे खातं माझं नाही’ हा वेगळा पर्याय वापरायचा, आणि गैरवापराची शंका असेल तर सायबर पोलिसांकडेही जायचं.

पायरी ४: कोणती ओळ राहायला हवी?

दुबार नोंद का झाली ते कळलं की याचं उत्तर मिळतं.

*क्रमांक बदलला.* बँकांचं विलीनीकरण झालं किंवा सॉफ्टवेअर बदललं की कर्जखात्यांना नवे क्रमांक मिळतात. १ एप्रिल २०२० ला सिंडिकेट बँक कॅनरात, आंध्रा आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत गेली, त्याच्या आदल्या वर्षी देना आणि विजया बँक बडोद्यात. २०२३ च्या जुलैत एचडीएफसी लिमिटेड एचडीएफसी बँकेत आली. अशा बदलांत जुना क्रमांक ब्युरोकडे उघडाच राहिला, तर एका कर्जाच्या दोन ओळी होतात. इथे नवी ओळ ठेवायची, जुनी काढायला सांगायची. शाखेचं नाव आता पाटीवर नसलं तरी जबाबदारी विलीनीकरणानंतरच्या बँकेचीच. तक्रार तिच्याकडे.

*कर्ज विकलं.* थकलेली कर्जं बँका मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांना विकतात, त्यांना एआरसी म्हणतात. विकल्यावर मूळ बँकेच्या ओळीत बाकी शून्य आणि स्थिती ‘खातं विकलं’ अशी दिसायला हवी, थकीत रक्कम फक्त एआरसीच्या ओळीत. इथे दोन्ही ओळी राहणार आहेत. ‘दुबार आहे, काढा’ असं लिहिलं तर नकार येईल. ‘मूळ बँकेच्या ओळीतली थकीत रक्कम शून्य करा आणि स्थिती दुरुस्त करा’ असं लिहायचं, आणि अर्जात दुबारऐवजी रकमेच्या चुकीचा पर्याय निवडायचा. एआरसींनीही चारही ब्युरोंना माहिती द्यायची असं रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितलं, त्यामुळे हा प्रकार आता जास्त नजरेला पडतो.

*कार्ड बदललं.* कार्ड हरवलं किंवा वरच्या श्रेणीचं मिळालं की क्रमांक बदलतो. बाकी नव्या कार्डावर जाते. जुन्या कार्डाची ओळ शून्य बाकीने बंद दिसायला हवी.

*ॲपवरून घेतलेलं कर्ज.* अहवालात ॲपचं नाव येत नाही, त्यामागच्या एनबीएफसीचं येतं. त्यामुळे कधीच न ऐकलेलं नाव दिसलं तर दचकू नका. कर्ज घेताना आलेल्या की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये (कर्जाच्या अटींचा गोषवारा) किंवा मंजुरीपत्रात कर्ज देणाऱ्या संस्थेचं नाव असतं, ते जुळवा. दोन एनबीएफसींच्या ओळी असतील तर बहुधा एकीने कर्ज दुसरीकडे वर्ग केलेलं असतं. मग विकलेल्या कर्जाचाच नियम.

पतसंस्थेचं कर्ज असेल तर गाडी वेगळ्या रस्त्याने जाते. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नाही, सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात. नागरी सहकारी बँका मात्र रिझर्व्ह बँकेच्याच देखरेखीखाली आहेत, त्यांना हा लेख लागू.

पायरी ५: कागद

पॅन, ओळखपत्र, अहवाल, मंजुरीपत्र, कर्जाचा खातेउतारा हे सगळे जण सांगतात. खातेउतारा बँकेकडे मागताना दोन्ही खाते क्रमांक लिहून दोन्हींचे उतारे मागा. दुसऱ्या क्रमांकाचा उतारा निघतच नाही, हाच मोठा पुरावा.

पण त्याहून भक्कम कागद तुमच्याच घरी असतो: कर्जाची रक्कम ज्या बचत खात्यात आली त्याचं त्या महिन्याचं स्टेटमेंट. दोन कर्जं असती तर पैसे दोनदा आले असते. १४ जूनच्या आसपास १,८०,००० एकदाच जमा झाले, दुसरं काही नाही, तर ‘ही दोन वेगळी कर्जं आहेत’ म्हणणाऱ्याकडे उत्तर उरत नाही. त्या एका नोंदीखाली पेन्सिलने रेघ मारून पान जोडा.

मोबाइल-फ्रिजच्या हप्त्यांत पैसे दुकानदाराला जातात, तुमच्या खात्यात येत नाहीत. मग पावती हवी. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळून घेतलेल्या फोनचं बिल, त्यावर आयएमईआय क्रमांक आणि फायनान्स कंपनीचं नाव. एक वस्तू, एक बिल, एक कर्ज.

कर्ज फेडून एनओसी मिळाली असेल तर त्यावर कोणता खाते क्रमांक आहे ते आधी बघा. जुना क्रमांक असेल आणि थकीत ओळ नव्या क्रमांकाची असेल, तर दोन्ही क्रमांक घालून नवं पत्र मागून घ्या.

पायरी ६: बँक आणि ब्युरो, दोघांकडे एकाच दिवशी

आधी बँक की आधी ब्युरो, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. बँकेच्या दुजोऱ्याशिवाय ब्युरो ओळ बदलत नाही, आणि बँक ‘आमच्याकडे काही नाही, सिबिलला लिहा’ म्हणत राहते. एकाच दिवशी दोन्हीकडे लिहिलं की ही टोलवाटोलवी थांबते.

ब्युरोची ऑनलाइन तक्रार फुकट असते. सिबिलच्या अर्जात खात्याच्या माहितीखाली दुबार खात्याचा पर्याय आहे. एका तक्रारीत एकाच खात्याबद्दल लिहा आणि जी ओळ काढायची आहे तिच्यावरच खूण करा; गडबडीत खऱ्या ओळीवर खूण झाली तर उत्तर नकाराचंच येणार. तक्रार क्रमांक ईमेलवर येतो. तपास चालू असताना त्या खात्यावर ‘वादात’ अशी खूण दिसते, ती बघून घाबरू नका.

बँकेला शाखेत अर्ज द्यायचा असेल तर दोन प्रती न्या आणि एकीवर तारखेसकट पोच घ्या. काउंटरवर ‘साहेब, हे मुंबईहून होतं, इथे घेत नाही’ असं ऐकू आलं तर वाद न घालता ग्राहक सेवेच्या ईमेलवर तोच अर्ज पाठवा आणि कागद स्पीड पोस्टाने. (रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झालं, पोस्टात जाऊन ते मागू नका.) मजकूर साधारण असा:

‘आपल्या संस्थेकडून मी १४ जून २०१९ रोजी १,८०,००० रुपयांचं एकच वैयक्तिक कर्ज घेतलं. माझ्या क्रेडिट अहवालात (कंट्रोल नंबर अमुक) ते दोन खाते क्रमांकांखाली दाखवलं आहे. दोन्हींची मंजूर रक्कम आणि उघडल्याची तारीख एकच आहे. पैकी अमुक क्रमांकाची नोंद मूळ कर्जाची असून तमुक क्रमांकाची नोंद त्याचीच दुबार आहे. ती चारही क्रेडिट ब्युरोंकडून काढावी. कर्जाची रक्कम एकदाच जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट सोबत जोडलं आहे. आपल्या मते ही दोन वेगळी कर्जं असल्यास दुसऱ्या कर्जाचा करारनामा आणि रक्कम कोणत्या खात्यात दिली याचा तपशील द्यावा. तक्रार क्रमांक लेखी कळवावा. माझा मोबाइल, ईमेल आणि बँक खात्याचा तपशील खाली दिला आहे.’

दुसऱ्या कर्जाचा करारनामा मागणाऱ्या वाक्यात जोर आहे. नसलेल्या कर्जाचा करारनामा कुणालाच दाखवता येत नाही.

एक खबरदारी. ‘मूळ कर्जाची नोंद’ असं लिहा, ‘एवढे पैसे मी देणं लागतो’ असं लिहू नका. मुदत कायदा १९६३ च्या कलम १८ प्रमाणे मुदतीच्या आत सहीनिशी कबुली दिली, तर वसुलीच्या दाव्याची मुदत तिथून नव्याने मोजतात. पैसे फेडायचे असतील तर जरूर फेडा, पण दुबार नोंदीच्या अर्जात त्याची कबुली द्यायचं काही कारण नाही. रक्कम मोठी असेल किंवा कोर्टाची नोटीस आली असेल, तर अर्ज वकिलाला दाखवूनच पाठवा.

पायरी ७: तारीखवही आणि रोजचे शंभर रुपये

२६ एप्रिल २०२४ पासून लागू झालेला नियम बहुतेकांना माहीतच नाही. तक्रार दिल्यापासून ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये नुकसानभरपाई मिळते. त्यातले पहिले २१ दिवस बँकेचे: तेवढ्यात तिने दुरुस्त माहिती ब्युरोला पाठवायची. तिने वेळ घालवला तर भरपाई ती देते. तिने वेळेत पाठवूनही ब्युरोने ३० दिवसांत काम पुरं केलं नाही, तर ब्युरो देतो. तक्रार ५२ व्या दिवशी मिटली तर २२ दिवसांचे २,२०० रुपये. ते तक्रार मिटल्यापासून पाच कामकाजाच्या दिवसांत खात्यात यायला हवेत. तक्रारीतच बँक खातं किंवा यूपीआय आयडी द्यावा लागतो, म्हणून वरच्या अर्जात ती ओळ आहे.

रक्कम फार नाही, मान्य. पण अर्जात हा उल्लेख दिसला की टेबलावरचा माणूस तारीख बघायला लागतो.

वहीत चार तारखा: तक्रार दिली ती, २१ वा दिवस, ३० वा दिवस, उत्तर आलं ती. बास.

पायरी ८: ‘माहिती बरोबर आहे’ असं उत्तर आलं तर

येतं. पहिल्या वेळी अनेकदा येतं, कारण तपासणाऱ्याने फक्त एक खातं उघडून बघितलेलं असतं. दुरुस्ती नाकारली तर कारण द्यावं लागतं, असं रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकात सांगितलं आहे. कारण नसेल तर तेच मागा, आणि अर्ज बँकेच्या नोडल अधिकाऱ्याकडे (तक्रारींसाठी नेमलेला अधिकारी) पाठवा. त्याचं नाव आणि ईमेल बँकेच्या वेबसाइटवर असतं. ब्युरोलाही नोडल अधिकारी आहे. या अर्जात नवी कहाणी नको. पहिला तक्रार क्रमांक, दोन ओळींचा तक्ता, ‘दोन्ही खाती एकत्र तपासली का?’ हा प्रश्न, एवढंच.

तिथेही दाद लागली नाही किंवा ३० दिवसांत उत्तरच आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) जायचं. १ सप्टेंबर २०२२ पासून क्रेडिट ब्युरोही लोकपालाच्या कक्षेत आले आहेत, त्यामुळे ब्युरोविरुद्धही तिथे जाता येतं. तक्रार सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या पोर्टलवर करायची, फी नाही. ती स्वतः करता येते. वकिलामार्फत केलेली तक्रार घेत नाहीत. आधी बँकेकडे किंवा ब्युरोकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा नसेल, तर लोकपाल ती बाजूला ठेवतो. पोचपावतीचा हट्ट मी त्यासाठीच धरला. माहिती विचारायला १४४४८ हा टोल-फ्री क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं. उत्तर आल्यावर महिनोन्‌महिने बसून राहू नका, इथेही मुदत असते.

पुणेकरांसाठी एक सूचना: विद्यापीठ रस्त्यावर रिझर्व्ह बँकेची पाटी आहे खरी, पण ते कृषी बँकिंग महाविद्यालय आहे, प्रशिक्षण संस्था. फाइल घेऊन तिथे जाऊ नका. कागदानेच पाठवायचं असेल तर पत्ता चंडीगडचा आहे: रिझर्व्ह बँक, सेंट्रल व्हिस्टा, सेक्टर १७. जिल्हा ग्राहक आयोगाचा दरवाजाही उघडा असतो, पण तो लांबचा रस्ता. गृहकर्ज अडलं म्हणून प्रत्यक्ष नुकसान झालं आणि त्याचे कागद हातात असतील, तरच तिकडे वळावं असं माझं मत.

मधल्या काळात

खांबाखांबावर ‘सिबिल क्लिअर करून मिळेल’ असे कागद चिकटवलेले दिसतात. हे लोक करतात काय, तर तुमचाच ओटीपी घेऊन तीच फुकट तक्रार भरतात आणि पाच-दहा हजार मागतात. काहींची युक्ती म्हणजे सगळ्याच खात्यांवर ‘माझं नाही’ अशी तक्रार ठोकणं. त्यात तुमचं नीट फेडलेलं कर्जही वादात सापडतं.

वसुलीवाल्यांचे फोन दोन बाजूंनी येत असतील, एक मूळ बँकेच्या नावाने आणि एक एआरसीच्या, तर लेखी खुलासा येईपर्यंत कुणालाही पैसे देऊ नका. कर्ज आता कुणाकडे आहे हे पत्राने कळू द्या, मग त्याच खाते क्रमांकावर, संस्थेच्याच खात्यात भरा. एजंटच्या वैयक्तिक यूपीआयवर कदापि नाही. आणि तडजोड करून कमी रकमेत मिटवलं तर ओळीवर ‘सेटल्ड’ असा शेरा लागतो, पूर्ण भरलं तर ‘बंद’. गृहकर्ज देणारी बँक या दोन शेऱ्यांकडे अगदी वेगळ्या नजरेने बघते. ऐपत असेल आणि घर घ्यायचंच असेल, तर मी पूर्ण भरायला सांगेन.

फ्लॅट पसंत पडलाय, बिल्डर टोकन मागतोय, अशी घाई असेल तर टोकन थांबवा. ते जमत नसेल तर कर्ज देणाऱ्या बँकेला आधीच सांगा: दुबार नोंद आहे, तक्रार क्रमांक हा, पोचपावती ही. मूळ बँकेकडून ‘तमुक क्रमांकाचं वेगळं कर्ज अस्तित्वात नाही’ असं पत्र मिळालं तर काही बँका त्यावर फाइल पुढे नेतात. सगळ्या नेत नाहीत. तोवर दहा ठिकाणी अर्ज टाकत सुटू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात नोंदली जाते.

दुरुस्ती झाल्यावर

‘तक्रार निकाली’ असा ईमेल आला की काम संपलं असं समजू नका. ब्युरोचा नवा अहवाल काढा आणि बघा: दुबार ओळ गेली का, आणि गडबडीत खऱ्या ओळीची बाकी किंवा तारीख बदलली तर नाही ना. मग बाकीचे तीन अहवाल. एका ब्युरोत ओळ गेली आणि इतर तीन ठिकाणी राहिली, असं होतं. गृहकर्ज देणारी बँक नेमका कोणता अहवाल काढेल ते आपल्या हातात नसतं.

बँका १ जानेवारी २०२५ पासून निदान दर पंधरवड्याला ब्युरोंना माहिती पाठवतात. बँकेने आपल्या यादीतून जुना क्रमांक काढला नसेल, तर पुढच्या पंधरवड्यात तीच ओळ परत उगवते. म्हणून दीड-दोन महिन्यांनी पुन्हा एकदा बघा. परत आली असेल तर नव्याने सगळं सांगत बसू नका. जुना तक्रार क्रमांक, दुरुस्तीचा ईमेल आणि दुरुस्तीनंतरचा अहवाल जोडून थेट नोडल अधिकाऱ्याला लिहा, आणि यादीतून तो क्रमांक कायमचा काढल्याचं लेखी मागा.